घरी गाडीचं काम करताना इंजिन कधी, कसं आणि किती वेळ चालू ठेवायचं

घरच्या घरी मोटारसायकलचं काम शिकायला लागलं, की पहिली हौस असते ती इंजिन चालू करून बघण्याची. एक नट आवळला, मार सेल्फ. प्लग पुसला, मार सेल्फ. दोन तास हात काळे केल्यावर गाडी फुरफुरली की बरं वाटतं, हे मलाही कबूल आहे. पण बंद गाडीवर काम करताना पाना सटकला तर फार तर बोटाचं सालटं निघतं. मोठी इजा होते ती चालू इंजिनापाशी. धूर, चेन, तापलेला सायलेन्सर आणि पेट्रोलचा भडका, या चारांपैकी एखाद्याने.

म्हणून सेल्फला हात लावण्याआधी स्वतःला विचारा की या कामाला इंजिन चालू लागतंच का? बहुतेक कामांना लागत नाही. चेन धुणं, चेनला ऑइल देणं, चेनचा ताण बघणं, ब्रेक, एअर फिल्टर, प्लग बदलणं, ही सगळी बंद गाडीवरची कामं. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची, फट तर इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजायची असते, बहुतेक गाड्यांना रात्रभर उभी ठेवून सकाळी. इंजिन चालू लागतं ते मोजक्याच वेळी: ऑइल काढण्याआधी ते थोडं पातळ करायला, नवं ऑइल भरल्यावर ते फिरवून गळती बघायला, स्लो म्हणजे आयडलिंग (मूठ न पिळता इंजिन फिरतं तो वेग) लावायला, बॅटरी चार्ज होते का ते मोजायला, अॅक्सिलरेटरची केबल बदलल्यावर तपासायला, कुलंट बदलल्यावर आत अडकलेली हवा काढायला, आणि एखादा विचित्र आवाज शोधायला. यातलं प्रत्येक काम काही मिनिटांत उरकतं.

उभ्या गाडीला दर आठवड्याला पाच मिनिटं चालू ठेवायची सवय मात्र सोडून द्या. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाण्याचा अंश साठतो, आणि सेल्फने जेवढी बॅटरी खाल्ली तेवढीही आयडलिंगवर भरून येईलच असं नाही. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीला छोटा चार्जर लावा, नाहीतर थोडं फिरवून आणा.

जागा आधी, गाडी नंतर

पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. नाकाला झोंबतो तो धुरातल्या बाकीच्या घटकांचा वास, त्यामुळे ‘फार वास येत नाहीये’ या वाक्याला काही अर्थ नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा साधारण 200 ते 250 पट घट्टपणे या वायूला धरतं. म्हणजे हवेत तो थोडा असला, तरी श्वासागणिक रक्तातली ऑक्सिजनची जागा तो बळकावत जातो.

मी स्वतः ही चूक केली आहे. बाहेर पाऊस होता म्हणून गाडी आत घेतली, शटर कमरेपर्यंत उघडं ठेवलं आणि कार्बोरेटरचा स्लो लावत बसलो. स्क्रू अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे, कान इंजिनाकडे. वीसेक मिनिटांनी कपाळ जड झालं. जेवायची वेळ टळून गेली होती, त्यामुळे भुकेनं डोकं दुखतंय असं मी समजलो आणि आणखी थोडा वेळ बसलो. उठताना भिंत धरावी लागली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्या दुखण्यातली वाईट गोष्ट ही, की ते ‘धूर लागला’ असं वाटतच नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, ताप नसलेला फ्लू असावा तसं. आणि निर्णय घेणारं डोकंच मंदावलेलं असतं.

तेव्हा नियम एकच: इंजिन चालू करायचं ते उघड्या आकाशाखाली. दार उघडं, खिडकी उघडी, पंखा चालू, यातलं काहीही बंदिस्त जागेला मोकळं करत नाही. तळघरातलं पार्किंग, जिना, बोळ, ताडपत्रीचा आडोसा, हे सगळं बंदिस्तच समजा. पाऊस असेल तर ते काम उद्या. सायलेन्सरचं तोंड मोकळ्या बाजूला करा. ते भिंतीकडे असेल तर धूर उलटून तुमच्याच तोंडावर येतो, आणि खिडकीकडे असेल तर कुणाच्या तरी खोलीत शिरतो.

‘माझी गाडी नवी आहे, तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे’ हे मला बऱ्याचदा ऐकायला मिळतं. कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा सायलेन्सरच्या पाइपातला भाग, काम करायला लागतो तो साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसला पोहोचल्यावर. थंड इंजिनात पेट्रोलचं प्रमाण मुद्दाम जास्त असतं आणि कन्व्हर्टर अजून झोपलेला असतो. म्हणजे आपण घरी जी पहिली दोन-चार मिनिटं इंजिन चालवतो, नेमकी तीच सर्वांत घाण धुराची.

डोकं जड वाटलं, तर आधी स्वतः मोकळ्या हवेत जा. स्वच्छ हवेतही रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, म्हणून ‘दहा मिनिटं बाहेर बसलो, झालं’ असं होत नाही. गरगरत असेल, उलटी होत असेल, बोलण्यात गोंधळ होत असेल तर सरळ दवाखाना गाठा आणि गाडीच्या धुरात होतो हे स्पष्ट सांगा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर भरवसा ठेवू नका. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेलं रक्त आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं रक्त यातला फरक कळत नाही. माणूस अत्यवस्थ असतानाही तो 98 दाखवू शकतो.

जमीन सपाट आणि टणक हवी. खाली वाळकं गवत, भुसा, तेलकट फडकी नकोत. पेट्रोलचा डबा, चेन क्लीनरचे आणि कार्बोरेटर क्लीनरचे स्प्रे चालू गाडीपासून लांब. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि ठिणगीपर्यंत स्वतःच पोहोचते. उणे 40 अंशांच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, त्यामुळे थंडीचे दिवस आहेत म्हणून सूट नाही. कोरड्या पावडरचा छोटा अग्निशामक हाताशी असू द्या, आणि तो गाडीच्या पलीकडे नव्हे, तुमच्या पळण्याच्या वाटेवर. पेटत्या पेट्रोलवर पाणी ओतलं तर आग पाण्यावर तरंगत पुढे जाते.

गाडी उभी करणं

मेन स्टँड असेल तर मेन स्टँड. नसेल तर साइड स्टँडवर आयडलिंगपुरतं काम होतं, फक्त पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे लावा. मागचं चाक फिरवायचं असेल तर पॅडॉक स्टँड, म्हणजे मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड, घ्या. विटांवर गाडी टेकवून इंजिन चालू करायचं धाडस करू नका.

मग न्यूट्रल. हिरवा दिवा लागला म्हणजे न्यूट्रल असेलच असं नाही, तो खटका बिघडतोही. साइड स्टँडवरून गाडी उचलून वीतभर पुढे-मागे ढकलून बघा, मेन स्टँडवर असेल तर मागचं चाक हाताने फिरवा. मोकळं फिरलं तर खरं न्यूट्रल. तरीही सुरू करताना क्लच दाबलेलाच ठेवा.

इथे नवशिक्यांना एक गोष्ट हमखास घाबरवते. मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, थंड इंजिन चालू केलं की मागचं चाक हळूहळू फिरायला लागतं. गाडी बिघडलेली नसते. क्लच आणि गिअर ऑइलमध्ये बुडालेले असतात आणि थंड, घट्ट ऑइल चाकाला ओढून नेतं. ब्रेक हलकासा दाबला की चाक थांबतं. पायाने थांबवू नका. कुतूहल म्हणूनसुद्धा नको.

कपड्यांचं थोडक्यात: ओढणी, मफलर, सैल बाह्या, लोंबती नाडी, मोकळे केस, काही नको. अंगठी आणि कडं काढून ठेवा, ते चेनमध्ये अडकतं आणि बॅटरीपाशी धातूचं कडं दोन टोकांना टेकलं तर क्षणात लाल होतं. पायात चपला नकोत, बूट हवेत. लहान मुलं आणि पाळीव प्राणी घरात.

चालू करण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी इंजिन बंद कसं करायचं याची. उजव्या मुठीजवळच्या लाल बटणावर, म्हणजे किल स्विचवर, न बघता अंगठा जातो का ते चार-पाच वेळा करून पाहा. गोंधळात माणूस किल्ली शोधत बसतो, आणि नेमका तेव्हाच हात टाकीखालून कुठेतरी अडकलेला असतो. शेजारी मदतनीस असेल तर त्यालाही बटण दाखवा आणि ठरवून टाका: ‘बंद’ म्हटलं की बंद, कारण नंतर विचारायचं.

दुसरी पायरी, अॅक्सिलरेटर. इंजिन बंद असताना पूर्ण पिळा आणि सोडून द्या. मूठ आपसूक ‘खट्’ आवाज करत मागे यायला हवी. रेंगाळत परत येत असेल तर आज इंजिन चालू करायचं नाही, आज केबलचं काम करायचं.

तिसरी, ऑइल. दरवेळी बघा, विशेषतः आपणच गाडी उघडली असेल तेव्हा. ड्रेन नट लावला, वायसर लावला, फोन आला, बोलून परत आलो आणि ऑइल न भरताच सेल्फ मारला, असं होऊ शकतं. यावर माझा साधा उपाय आहे: ऑइल काढलं की किल्ली नवं ऑइल भरायच्या रिकाम्या भांड्यात टाकतो. भांडं हातात घेतल्याशिवाय किल्ली मिळत नाही.

मग किल्ली फिरवा. इंजेक्शनची, म्हणजे कार्बोरेटर नसलेली, गाडी असेल तर टाकीतल्या पंपाची घुरघुर दोन-तीन सेकंद ऐकू येईल, ती थांबू द्या. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल कॉक उघडा, थंड असेल तर चोक ओढा. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांहून जास्त दाबू नका, मध्ये थोडं थांबा. ऑइलचा दिवा असलेल्या गाडीत तो काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद.

सुरू झाल्या झाल्या रेस करू नका. थंड इंजिनात ऑइल वरच्या भागापर्यंत पोहोचायला क्षणभर वेळ लागतो, आणि गिअरमध्ये नसलेलं इंजिन कुठल्याही भाराशिवाय झटकन फार वेग घेतं. शेजाऱ्यांचं सुख हा वेगळा मुद्दा आहे, पण तोही आहे.

उभ्या गाडीला वारा लागत नाही. हवेवर थंड होणारं इंजिन उभ्या जागी चार-पाच मिनिटांपलीकडे चालवू नये. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर समोर मोठा पंखा लावा, किंवा मध्ये बंद करून निवू द्या. रेडिएटरच्या गाडीत पंखा साधारण 100 अंशांच्या आसपास आपोआप सुरू होतो. तापमान चढतंय आणि पंखा फिरत नाही असं दिसलं तर बंद करा, वाट बघू नका.

चेन

एवढं एक प्रकरण तरी सावकाश वाचा. ‘मेन स्टँडवर लाव, पहिला गिअर टाक, चालू ठेव, चेन आपोआप फिरते, तू नुसतं फडकं धर.’ हा सल्ला देणारे लोक आहेत, आणि त्यातल्या काहींना सगळी बोटं शाबूत आहेत म्हणून तो खरा वाटतो.

हिशेब करू. आयडलिंगला इंजिन मिनिटाला 1400 फेरे मारतंय असं धरा. छोट्या गाडीत पहिल्या गिअरला पुढचं सॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चक्र) इंजिनाच्या साधारण एक दशांश वेगाने फिरतं, म्हणजे मिनिटाला 140 फेरे. सॉकेटला 14 दात, चेनच्या एका कडीची लांबी 12.7 मिलिमीटर. गुणाकार केला की चेनचा वेग निघतो सेकंदाला सुमारे 40 सेंटीमीटर. दिसायला संथ वाटतो, आणि तिथेच फसगत होते. फडक्याचा एक धागा कडीत अडकला, तुम्हाला ते कळलं आणि हात सोडायचा निरोप बोटांपर्यंत पोहोचला, याला चांगल्या सावध माणसालाही सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात चेन आठ सेंटीमीटर पुढे गेलेली असते. मागच्या सॉकेटपाशी फडकं धरणाऱ्या बोटांपासून दात आठ सेंटीमीटरही लांब नसतात. आणि बोट मध्ये आलं म्हणून इंजिन बंद पडत नाही. गिअरमुळे जोर कितीतरी पटींनी वाढलेला असतो, चेनला बोट आणि चिंधी यातला फरक जाणवतही नाही.

तेव्हा चेनचं काम करताना इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, किल्ली खिशात. चाक हाताने मागच्या दिशेने फिरवा, म्हणजे खालच्या बाजूची चेन मागच्या सॉकेटपासून दूर जाते. फिरवताना दुसरा हात चेनवर नको: थोडं फिरवा, थांबवा, पुसा, परत फिरवा. पूर्ण चेनला दहा मिनिटं लागतात.

कुठल्या कामात काय

ऑइल बदलताना काढण्याआधी दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवलं तरी पुरतं. तापवून लाल करू नका, नट काढताना तेच ऑइल मनगटावर येतं. नवं भरल्यावर दोन मिनिटं चालवा आणि ड्रेन नट आणि फिल्टरची कड टॉर्चने बघा, हात फिरवून चाचपू नका. मग बंद करून काही मिनिटं थांबा, ऑइल खाली उतरू द्या आणि गाडी सरळ उभी असताना पातळी मोजा. मोजपट्टी आटे फिरवून मोजायची की नुसती टेकवून, हे गाडीगणिक बदलतं. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते पान उघडा.

अॅक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल बदलली, टाकी काढून परत बसवली, हँडल उंच केलं, यानंतर एक तपासणी मी कधीच चुकवत नाही. इंजिन आयडलिंगवर ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. आवाज जराही चढला तर केबल कुठेतरी ताणली जातेय. रस्त्यावर हाच प्रकार वळण घेताना होतो: तुम्ही वळता आणि गाडी स्वतःहून वेग घेते. मुठीला दोन-चार मिलिमीटर मोकळी चाल ठेवा आणि पुन्हा बघा.

स्लो लावायचा तो गरम इंजिनावर, चोक पूर्ण बंद करून. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत स्लो स्क्रूने लागतच नाही, तिथे उगाच स्क्रू शोधू नका.

चार्जिंग बघायला मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टोकांना. बंद गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास, इंजिनाचा वेग थोडा वाढवल्यावर साधारण 13.5 ते 14.5. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय. पण ‘बॅटरी काढून बघू, गाडी चालू राहते का’ ही जुनी परीक्षा आता करू नका. चालू इंजिनातून बॅटरी काढली की व्होल्टेज उसळतं आणि आजच्या गाड्यांतलं इलेक्ट्रॉनिक्स त्यात जातं.

प्लग बाहेर काढून ठिणगी बघायची पद्धतही जपून. किकबरोबर प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि तुम्ही ठिणगी धरलेली असते तिच्याच शेजारी. शिवाय प्लग इंजिनाच्या धातूला टेकलेला नसेल तर हजारो व्होल्टचा झटका तुमच्या हातातून वाट काढतो. चांगला माहीत असलेला प्लग लावून बघणं जास्त सोपं आहे.

एअर फिल्टर काढून इंजिन चालवू नका, ‘फक्त एकदा’सुद्धा. धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते, आणि कार्बोरेटरमधून उलटा भपका आला तर तुमचा चेहरा त्याच्या समोर असतो.

बंद केल्यावर

बंद गाडी आणि थंड गाडी या दोन वेगळ्या गोष्टी. सायलेन्सरचा पाइप पोटरीला लागला तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं गार वाहतं पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, तेल काही नको. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि कारंज्यासारखं बाहेर येतं. काही गाड्यांत इंजिन थांबल्यावरही रेडिएटरचा पंखा स्वतःहून सुरू होतो, तेव्हा पात्यांजवळ बोटं नकोत. गाडीवर कव्हर टाकायची घाई करू नका, प्लॅस्टिकचं कव्हर पाइपला चिकटलं तर ते खरवडण्यात पुढचा रविवार जातो.

स्टँडवर मागचं चाक फिरवलं असेल तर एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागलेला राहू शकतो. पुढचं चाक थांबलेलं आणि मागचं फिरतंय हे बघून यंत्रणा गोंधळते. किल्ली बंद करून परत सुरू करा आणि थोडं अंतर हळू चालवा, बहुतेक वेळा दिवा विझतो. पहिली फेरी जवळपासच मारा. वेग घेण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघा, आणि परत आल्यावर गाडी जिथे उभी होती तिथल्या जमिनीवर नवा डाग पडलाय का ते वाकून बघा.